वारशाने आलेला लोहसाठा आणि सांध्यांचे दुखणे : विदर्भातील खेड्यांत राहणाऱ्या रुग्णांसाठी उपचारांची पायरीपायरीने माहिती

मूठ वळल्यावर हाताच्या पाठीवर जे उंचवटे दिसतात, त्यांपैकी तर्जनीचा आणि मधल्या बोटाचा उंचवटा महिनोन्‌महिने दुखत असेल, त्यावर टणक सूज असेल आणि मूठ पूर्ण वळत नसेल, तर ‘कामाचा हात आहे, दुखणारच’ असे म्हणून ते दुखणे अंगावर काढू नये. शहरी माणसाला हे दुखणे हस्तांदोलन करताना जाणवते. आपल्याकडे रामराम हात जोडून होतो, त्यामुळे ते कापूस वेचताना, गायीची धार काढताना किंवा विहिरीवर बादलीची कडी धरताना लक्षात येते. अशा दुखण्याची कारणे अनेक असतात आणि बहुतेक वेळा ती साधीच निघतात. मात्र शरीरात वारशाने साठत गेलेले लोह हेही त्यांतले एक कारण आहे, आणि त्याचे उपचार नेहमीच्या संधिवाताहून वेगळे असल्यामुळे ते वेळेवर ओळखणे फार महत्त्वाचे ठरते.

या आजाराला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. निरोगी माणूस अन्नातून दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतो आणि तेवढेच गमावतो. शरीरातील एकूण साठा ३ ते ४ ग्रॅमच्या आसपास राहतो. आतड्याने किती लोह आत घ्यावे हे यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक ठरवते. जनुकातील दोषामुळे हेप्सिडिन कमी पडले की गरज नसतानाही लोह आत येत राहते. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय मानवी शरीरात नाही, त्यामुळे सांडवा नसलेल्या शेततळ्यासारखी स्थिती होते आणि लोह यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात व सांध्यांच्या अस्तरात साठत जाते. सांध्यात साठलेले लोह कूर्चेची झीज करते आणि तिथे कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक जमण्यास मदत करते. म्हणून या रुग्णांना सतत ठसठसणारी झिजेची वेदना असते आणि मधूनच गुडघा किंवा मनगट एका रात्रीत लाल होऊन सुजण्याचे झटकेही येतात.

दुखण्याची ठेवण कशी ओळखावी

हातांच्या त्या दोन सांध्यांखालोखाल घोटा, नितंब (म्हणजे खुब्याचा सांधा), गुडघा आणि मनगट हे सांधे धरले जातात. यांत घोट्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पूर्वी मार लागलेला नसताना घोट्याची झीज होणे ही साधारण वयोमानाची गोष्ट नाही. पुरुषांत त्रास बहुधा चाळिशीच्या सुमारास दिसू लागतो. स्त्रियांत मासिक पाळीतून लोह जात असल्यामुळे तो पाळी थांबल्यानंतर उघड होतो. तिशीच्या आतच लोहसाठा, हृदयाची धाप आणि लैंगिक वाढीतील अडथळे एकत्र दिसले, तर तो याच आजाराचा तरुण वयातील तीव्र प्रकार असू शकतो आणि त्यात उशीर परवडत नाही.

सांध्यांबरोबर न हटणारा थकवा, नव्याने लागलेला मधुमेह, यकृताच्या तपासणीत वाढलेली एन्झाइम्स किंवा त्वचेचा काळपट-तांबूस रंग असेल तर संशय बळावतो. दिवसभर वावरात उन्हात राबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्या-हातांवरून त्वचेचा बदल कळत नाही, त्यासाठी कपड्यांखाली झाकलेली त्वचा पाहावी लागते.

हाताच्या एक्स-रेमध्ये तर्जनी व मधल्या बोटाच्या मूळसांध्यापाशी गळाच्या आकड्यासारखी हाडाची वाढ दिसू शकते. ती दिसली की ‘संधिवात’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. या रुग्णांपैकी कित्येकांना आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, निदान चिकटते आणि मेथोट्रेक्सेट सुरू होते. लोहाने आधीच बेजार झालेल्या यकृताला हे औषध धोक्याचे ठरू शकते. आमवाताचा आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सी.सी.पी. या दोन्ही तपासण्या नकारात्मक असतील आणि तरीही मुठीचे सांधे दुखत असतील, तर लोहाची तपासणी करण्याची विनंती रुग्णाने स्वतःहून करावी.

रक्ताच्या दोन तपासण्या आणि त्यांचा अर्थ

तपासण्या दोन आहेत, सीरम फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचा अंदाज देणारी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन लोहाने किती भरले आहे हे सांगणारी), आणि त्या एकत्रच कराव्यात. नमुना सकाळी उपाशीपोटी द्यावा आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी किती दिवस थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन काढण्यासाठी सीरम आयर्नच्या (रक्तातील लोहाच्या) आकड्याला टी.आय.बी.सी.च्या (रक्ताच्या लोह धरून ठेवण्याच्या एकूण क्षमतेच्या) आकड्याने भागून शंभराने गुणतात. उदाहरणार्थ, आयर्न १९० आणि टी.आय.बी.सी. २६० असेल तर उत्तर सुमारे ७३ टक्के येते. ४५ टक्क्यांच्या वरचे उत्तर वारंवार येत असेल आणि त्यासोबत फेरिटिन पुरुषांत ३०० किंवा स्त्रियांत २०० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल, तर पुढचा तपास करायलाच हवा.

फेरिटिन एकटे पाहून घाबरू नये. दारू, चरबी साठलेले यकृत, मधुमेह, क्षयरोग, मलेरिया किंवा कोणताही मोठा दाह यांतही ते वाढते. फेरिटिन वाढलेले पण सॅच्युरेशन ठीक, असा अहवाल आला तर कारण बहुधा दुसरीकडे असते.

जनुकीय तपासणीबाबत एक गोष्ट आपल्याकडच्या रुग्णाने ध्यानात ठेवावी. या आजाराशी निगडित एच.एफ.ई. हे जनुक १९९६ मध्ये सापडले आणि त्यातील सी२८२वाय हा बदल उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत बहुसंख्य रुग्णांचे कारण असतो. भारतात हा बदल अत्यंत विरळ आहे. त्यामुळे फक्त एच.एफ.ई.ची तपासणी नकारात्मक आली म्हणून आजार नाही असे ठरत नाही. हेमोज्युव्हेलिन, हेप्सिडिन, ट्रान्सफेरिन रिसेप्टर २ आणि फेरोपोर्टिन या इतर जनुकांतील दोषांचाही विचार करावा लागतो. ही विस्तृत तपासणी महाग असते. माझ्या मते पैसे मर्यादित असतील तर ते आधी यकृतातील लोह मोजणाऱ्या एम.आर.आय.वर खर्च करावेत, कारण उपचार सुरू करण्याचा निर्णय लोह किती साठले आहे यावरून होतो. जनुकाचे नाव नंतर कळले तरी चालते.

रक्त काढण्यापूर्वी सिकलसेल आणि थॅलेसेमिया तपासणे

हा टप्पा विदर्भात कधीही गाळू नये. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ आणि अमरावतीच्या मेळघाटात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. थॅलेसेमियाचे वाहकही कमी नाहीत. लोहसाठ्याचा मुख्य उपचार रक्त काढणे हा आहे आणि ज्याचे हिमोग्लोबिन मुळातच आजाराने खालावलेले आहे, त्याचे रक्त काढणे घातक ठरू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही आणि थॅलेसेमिया तर तिच्यात दिसतच नाही. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. ही तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ज्यांची तपासणी झालेली आहे, त्यांनी आपले कार्ड सोबत न्यावे.

तपासणीत केवळ सिकलसेल वाहक असल्याचे निघाले आणि हिमोग्लोबिन चांगले असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली रक्त काढता येते. प्रत्यक्ष सिकलसेल रुग्ण किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर लोह वाढण्याचे कारणच वेगळे असते. वारंवार रक्त चढवण्यातून ते आलेले असते किंवा थॅलेसेमियात आतडेच जास्त लोह ओढते. सिकलसेलच्या तरुणाचा नितंब दुखत असेल, तर लोहाआधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला आहे का, हे एम.आर.आय.ने पाहावे. अशा रुग्णांत लोह बाहेर काढण्यासाठी चिलेशनची औषधे वापरतात. डेफेरासिरॉक्स तोंडावाटे घेता येते, पण त्यासोबत मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. डेफेरिप्रोन या औषधामुळे तर स्वतःच गुडघे दुखू आणि सुजू शकतात. त्यामुळे ते सुरू केल्यानंतर सांधे बिघडले, तर दोष लोहाला देण्याआधी औषधाकडे पाहावे. या औषधाने पांढऱ्या पेशीही अचानक घटू शकतात. ते चालू असताना ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे.

थॅलेसेमिया मायनर असलेल्या, म्हणजे केवळ वाहक असलेल्या, व्यक्तीला ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्याची उदाहरणेही असतात. लाल पेशींचा आकार लहान आणि फेरिटिन मात्र भरपूर, असा अहवाल दिसला की लोहाची गोळी डॉक्टरांना दाखवूनच पुढे चालू ठेवावी.

लोह बाहेर काढणे

निदान पक्के झाले आणि हिमोग्लोबिन पुरेसे असले की ठरावीक अंतराने रक्त काढतात. याला थेराप्युटिक फ्लेबोटॉमी म्हणतात. ती रक्तपेढीत होते आणि त्यासाठी फिजिशियनची लेखी चिठ्ठी लागते, ज्यात निदान, किती रक्त काढायचे आणि किती दिवसांनी, हे स्पष्ट लिहिलेले असावे. सुरुवात करण्यापूर्वी ई.सी.जी., गरजेप्रमाणे हृदयाची इको तपासणी, यकृताची सोनोग्राफी आणि रक्तातील साखर पाहून घ्यावी.

आपल्याकडे रक्ताच्या पिशव्या ३५० आणि ४५० मिलिलिटरच्या असतात. शेतमजुरीने वाळलेल्या, पन्नास किलोच्या आतबाहेर वजन असलेल्या माणसाला ३५० मिलिलिटर हेच प्रमाण योग्य आणि अशक्तपणा असेल तर त्याहून कमी. एका ३५० मिलिलिटरच्या पिशवीतून साधारण १५० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. समजा जादा साठा ६ ग्रॅम असेल, तर सुमारे ४० पिशव्या लागतील आणि आठवड्याला एक धरली तरी नऊ-दहा महिने जातील. हा हिशेब रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे, कारण चार-पाच खेपा झाल्यावर ‘सांधे तर दुखतातच’ म्हणून उपचार सोडणारे पुष्कळ असतात. दर आठवड्याला रोजी बुडवणे शक्य नसेल तर पंधरा दिवसांचे अंतर ठेवले तरी चालते. उपचार लांबला तरी हरकत नाही, तो सुटू नये.

प्रत्येक वेळी रक्त काढण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ च्या खाली गेले तर अंतर वाढवावे किंवा कमी रक्त काढावे आणि ११ च्या खाली गेले तर थांबावे. फेरिटिन साधारण महिन्याने पाहावे आणि ते २०० च्या खाली आले की अधिक वेळा. पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट फेरिटिन ५० च्या आसपास आणणे हे असते. त्यानंतर ते १०० च्या आत राहील अशा बेताने वर्षातून काही वेळा रक्त काढत राहावे लागते आणि हे आयुष्यभर चालते. एका साध्या वहीत तारीख, हिमोग्लोबिन, काढलेले रक्त आणि फेरिटिन असे चार रकाने आखून नोंद ठेवावी. डॉक्टर बदलले, रुग्णालय बदलले तरी ती वही उपयोगी पडते.

विदर्भातील उन्हाळा हा या उपचारातला खरा अडथळा आहे. पारा ४५ अंशांवर असताना रक्त काढून भर दुपारी बसस्टँडवर ताटकळणे म्हणजे चक्कर येऊन पडण्याला निमंत्रण होय. वैशाखात सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, घरून भाकर-भाजी खाऊन निघावे, आधी अर्धा लिटर तरी पाणी प्यावे, नंतर वीसेक मिनिटे आडवे राहावे आणि पाणी किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास मीठ घालू नये. त्या दिवशी मोटारसायकल दुसऱ्याने चालवावी, वावरात जाऊ नये आणि त्या हाताने जड ओझे उचलू नये.

लोह काढल्याने थकवा कमी होतो, त्वचेचा रंग उजळतो आणि यकृत-हृदयाला मोठा आधार मिळतो. सांध्यांच्या बाबतीत मात्र तेवढे आश्वासन देता येत नाही. काहींची वेदना कमी होते, काहींची तशीच राहते आणि काहींची लोह उतरल्यानंतरही वाढत जाते, कारण झिजलेली कूर्चा परत येत नाही. म्हणून सांध्यांचे उपचार वेगळे आणि सोबतीने चालवावे लागतात.

सांध्यांचे उपचार

वेदनेसाठी पहिली गोळी पॅरासिटामॉलची. यकृत बिघडलेले असेल तर दिवसभरात २ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांच्या, वर जाऊ नये. हाताच्या बोटांना डायक्लोफेनॅकचे जेल लावणे हा चांगला उपाय आहे, कारण औषध पोटात फारसे जात नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक यांच्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. यकृताचा सिरोसिस, मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरात व्रण असेल तर त्या टाळाव्यात. उन्हात घाम गाळणाऱ्या मजुराने या गोळ्या रोज घेणे मूत्रपिंडाला फार महागात पडू शकते.

गावात मिळणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. ज्या पुडीने दोन दिवसांत जादू व्हावी तसा आराम पडतो, तिच्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी असते आणि ज्याचे स्वादुपिंड लोहाने आधीच दुबळे केले आहे त्याची साखर अशा पुडीने भडकते. आयुर्वेदिक औषधे घेतानाही घटक वाचावेत. लोहासव, पुनर्नवा मंडूर आणि सांध्यांसाठी सर्रास घेतला जाणारा महायोगराज गुग्गुळ यांत लोहाचे भस्म असते. इतरांचे काहीही असो, या रुग्णाने ती घेऊ नयेत. वैद्यांना आपला आजार सांगावा.

एखादा सांधा अचानक सुजून तापला तर तो स्फटिकांचा झटका असू शकतो, तसाच जंतुसंसर्गही असू शकतो. सोबत थंडी-ताप असेल तर घरी शेकत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन सांध्यातले पाणी सुईने काढून तपासावे. झटका स्फटिकांचाच ठरला तर विश्रांती, बर्फाचा शेक आणि कमी मात्रेतील कोल्चिसिन यांनी तो ओसरतो. मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर कोल्चिसिनची मात्रा आणखी कमी करावी लागते आणि जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना कळवावे. एकाच सांध्याचा त्रास फार असेल तर त्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देता येते. मात्र मधुमेही रुग्णाने पुढचे काही दिवस साखर तपासत राहावे.

हात आणि घोटे यांना कामापासून सुटका मिळत नाही, म्हणून काम करण्याची पद्धत बदलावी. बोंडातून कापूस ओढताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट वापरले जाते, म्हणजे नेमके दुखरे सांधे. दोन्ही हात आलटून पालटून वापरावेत आणि अर्ध्या-पाऊण तासाने चार-पाच मिनिटे बोटे मोकळी करावीत. विळ्याच्या आणि खुरप्याच्या मुठीवर जुन्या सायकल-ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करावी, कारण मूठ जितकी बारीक तितकी ती घट्ट आवळावी लागते. पऱ्हाट्या हाताने उपटू नयेत, त्यासाठी चिमटा वापरावा. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून हळूहळू मूठ वळणे, उघडणे, एकेक बोट तळव्यावरून वर उचलणे आणि अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावणे हा व्यायाम रोज करावा. व्यायामानंतरची वेदना दोन तासांहून जास्त टिकली तर दुसऱ्या दिवशी तो निम्मा करावा.

घोटा दुखत असेल तर सपाट स्लिपर घालून ढेकळांतून चालणे बंद करावे. घोट्यापर्यंत येणारा, टणक तळव्याचा बूट घ्यावा. नितंब एका बाजूचा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. उकिडवे बसून निंदण करण्याऐवजी लांब दांड्याचे अवजार घ्यावे आणि शौचासाठी खुर्ची वापरावी.

रात्रीची झोप मोडू लागली आणि चालणे घरापुरते उरले की शस्त्रक्रियेचा विचार करावा. नितंब आणि गुडघ्याचा सांधा बदलता येतो. घोट्याचा सांधा बहुधा जोडून स्थिर करतात, त्याने हालचाल जाते पण वेदना थांबते. शस्त्रक्रियेपूर्वी हृदय, यकृत, साखर, हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचा अहवाल शल्यविशारदांना दाखवावा आणि त्या काळात रक्त काढणे कधी थांबवायचे ते ठरवून घ्यावे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधीच विचारावे. तारीख घेताना मृगाची पेरणी आणि कापसाचा हंगाम लक्षात घ्यावा, कारण पुढचे तीन महिने वावरातली कामे दुसऱ्याला करावी लागतील.

खाणे-पिणे

पथ्याने हा आजार बरा होत नाही आणि पथ्य पाळले म्हणून रक्त काढणे टाळता येत नाही. दारू पूर्ण सोडावी, मग ती मोहाची असो की दुकानातली, कारण लोह आणि दारू मिळून यकृताचा नाश फार लवकर करतात. लोहाच्या गोळ्या, ‘रक्तवाढीची’ टॉनिके आणि व्हिटॅमिन सी च्या गोळ्या बंद ठेवाव्यात. संत्री खायला हरकत नाही, फक्त ती जेवणासोबत किंवा रसाचे पेलेच्या पेले भरून घेऊ नयेत. भाजी लोखंडी कढईऐवजी दुसऱ्या भांड्यात करावी, विशेषतः अंबाडीसारखी आंबट भाजी. रेशनच्या पोषणयुक्त तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह मिसळलेले असते. ज्याच्या घरी स्वतःची ज्वारी किंवा धान आहे त्याने ते खावे, पण ज्याला रेशनशिवाय पर्याय नाही त्याने उपाशी राहू नये. त्यातले थोडेच लोह शोषले जाते आणि रक्त काढण्याने त्याची भरपाई होते. जेवणानंतरचा कोरा चहा शोषण थोडे कमी करतो. समुद्रातील कच्चे किंवा अर्धवट शिजलेले शिंपले खाऊ नयेत.

घरातील इतरांची तपासणी

हा आजार बहुधा आई आणि वडील या दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतो. म्हणून रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातले लग्न असेल तर मुलांनाही धोका वाढतो. भावंडांनी फेरिटिन आणि सॅच्युरेशन ताबडतोब तपासून घ्यावे, कारण सांधे झिजण्याआधी लोह उतरवणे हाच सांधे वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मुलांची तपासणी साधारणपणे अठराव्या वर्षानंतर करता येते, मात्र घराण्यात तरुण वयातला तीव्र प्रकार असेल तर आधी करावी.

एका माणसात लोह जास्त निघाले म्हणून घरातील बायका-मुलींनी अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या टाकून देऊ नयेत. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता हाच आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. त्यांनी आधी आपली तपासणी करावी आणि गोळी घ्यायची की थांबवायची, हे अहवाल पाहून डॉक्टरांनी ठरवावे.